टेकडीचं वय आणि माझं पहिलं वर्ष

मंगळवार, सकाळचे दहा
(तास बुडवून)

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. खरं म्हणजे तो पायांशी वाकून करायचा, पण गेल्या वेळी मी वाकलो तेव्हा मला परत उभं करायला तू आणि तुझी शेजारीण अशा दोघी लागलात, म्हणून या वेळी कागदावरच भागवतो. तुझी तब्येत कशी आहे? डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याबरोबर तुला भिंतीचे पोपडे दिसायला लागले आणि तू रंगाऱ्याला बोलावलंस असं कळलं. उजव्या डोळ्याचं होईपर्यंत थांबली असतीस तर त्याला एकदाच काय ते बोलणं बसलं असतं. गुडघे काय म्हणतात? माझे जिना चढताना बोलतात आणि उतरताना शिव्या देतात. बाकी इकडे सगळं ठीक. चिरंजीव त्यांच्या ऑफिसात, सूनबाई तिच्या ऑफिसात, नात कॉलेजात आणि मीही कॉलेजात, त्यामुळे दिवसभर घरात फक्त बाबांचं घड्याळ असतं. ते नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या बारा मिनिटं पुढे जाऊन एकटंच बसतं.

फोन न करता पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. ताई, तू पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अख्ख्या गावाची बोलणी जोडून दिलीस, पण माझं बोलणं सुरू झालं की तिसऱ्या मिनिटाला "ढगोबा, मुद्द्यावर ये" म्हणतेस. (हे नाव तूच ठेवलंस. दुधाचं भांडं घेऊन निघालेला मुलगा वाटेत ढग बघत उभा राहिला, तर तो दूध उशिरा आणतो एवढंच. त्याला जन्मभराचं नाव चिकटवायची काय गरज होती?) पत्रात तोडायची सोय नाही. फार तर फाडता येतं, आणि फाडायच्या आधी तू शेवटपर्यंत वाचशील याची मला खात्री आहे, कारण कुठलीही वस्तू पूर्ण वापरल्याशिवाय टाकायची नाही हा तुझा नियम.

तर मुद्दा. (आला बघ.) मुद्दा असा की मी विषय बदलावा की बदलू नये.

तुला ठाऊकच आहे, चार महिन्यांपूर्वी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, मी साहित्य हा मुख्य विषय घेऊन पदवीच्या पहिल्या वर्षात नाव घातलं. तेव्हा तू म्हणालीस, "घाल बाबा, निदान दहा ते दोन दुसरं कुणीतरी तुझं ऐकेल." मागची गोष्ट घरादाराला पाठ आहे. सतराव्या वर्षी मला साहित्य शिकायचं होतं, बाबांनी मला पाणीपुरवठा खात्याच्या नकाशाघरात ट्रेसर म्हणून चिकटवलं आणि एक होतकरू कवी नळाच्या पाण्यातून वाहून गेला. चाळीस वर्षं मी काय केलं? इंजिनियरसाहेबांनी पेन्सिलने नकाशा काढायचा, मी त्यावर पारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि त्यांच्या रेघेवरून शाईची रेघ ओढायची. या शहराच्या पोटातला एकूण एक पाइप माझ्या हाताखालून गेला आहे, पण त्यातली एक रेघ माझी म्हणून नाही. (एकदा एका चौकातल्या व्हॉल्व्हशेजारी मी हौसेने छोटंसं झाड काढलं होतं. साहेबांनी भिंगातून पाहिलं आणि विचारलं, "हे इथे काय गळतंय?") ही तक्रार मी आल्यागेल्याला, शेजाऱ्यांना, दाढी करताना न्हाव्याला आणि तोंडात कापूस असताना दंतवैद्यालासुद्धा सांगितली आहे. बावन्न वर्षं जपलेली तक्रार आहे ती, ताई. माझ्या सगळ्या सामानात एवढी एकच वस्तू अशी, की जिला कधी गंज लागला नाही.

आता त्या साहित्याचं काय झालं ते ऐक. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तर सगळा वर्ग उभा राहिला. मी "बसा, बसा" म्हटलं, ते बसले, वह्या उघडल्या आणि माझ्याकडे बघत राहिले. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो तरी तीन मुली मान मागे वळवून दोन मिनिटं लिहायच्या तयारीत होत्या. मग खऱ्या बाई आल्या. आपल्या धाकट्या भाचीच्या वयाच्या असतील. हुशार, घाईतल्या, पाठीवर सॅक. त्यांनी कवितेचं एक पान वाटलं. मला वाटलं, आता म्हणतील. ताई, आपल्या शाळेत गुरुजी कविता म्हणायचे तेव्हा खिडकीतली चिमणीसुद्धा पंख मिटून बसायची (निदान मी तिच्याकडे बघत असायचो म्हणून तसं वाटायचं). इथे कविता कुणी म्हणतच नाही. ती टेबलावर ठेवतात आणि तिला काय काय होतंय ते तपासतात. पहिल्या चाचणीत प्रश्न होता, "या कवितेतील निवेदकाची भूमिका स्पष्ट करा." मी चार पानं लिहिली. तशीच एक कविता मी ज्या दुपारी पाठ केली ती दुपार, तू तेव्हा उशीचे अभ्रे शिवत होतीस ते, मशीनचा आवाज आणि कवितेची चाल कशी जुळली होती ते, सगळं आलं त्यात. वीसपैकी चार गुण पडले आणि खाली लाल शाईत शेरा होता, "उत्तर फार छान आहे, पण या प्रश्नाचं नाही." मी बाईंना भेटायला गेलो. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, तुम्हाला कविता आवडते हे कळतं. पण आवडणं हा अभ्यासक्रमाचा भाग नाही हो." मीही त्यांना विचारून घेतलं, की आपल्या चौथीच्या पुस्तकातल्या त्या टेकडीच्या कवितेचं तिसरं कडवं त्यांना येतं का. त्यांनी ती कविता ऐकलेलीच नव्हती.

तुला ती आठवत असणार. तूच माझ्याकडून घोकून घेतली होतीस.

टेकडीबाई, टेकडीबाई, वय तुझे गं किती?
आजीहूनही मोठी का तू? सांग, कुणाची भीती?

टेकडी काही बोलत नाही, हलते गवत जरासे;
दगड तिचे पण हसती गाली, ठाऊक त्यांना खासे.

पुढचं कडवं साठ वर्षं आठवत नाही. ते मिळेल, हे कॉलेजात जाण्यामागचं अर्धं कारण होतं. (मागे फोनवर विचारलं तर तू म्हणालीस, "तिसरं कडवं तुला कधी येतच नव्हतं. स्टेजवर तू तिसऱ्या कडव्याला खोकायला लागलास, गुरुजींना दया आली आणि त्यांनी दुसरा नंबर दिला." हे खरं असेलही. पण खोकला अगदी खोटा नव्हता.)

तर त्या चार गुणांनंतर मी चार दिवस घरी बसलो, सर्दीचं निमित्त करून. त्या चार दिवसांत आमच्या चौदा नंबरच्या खोलीचं छत थोडं खाली आलं, साहित्याचा वर्ग नव्या इमारतीत गेला, छत परत वर गेल्यावर ती खोली दुसऱ्याच वर्गाला दिली, आणि हे सगळं मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये कळवलं गेलं. तो ग्रुप मी मुका करून ठेवलेला, कारण सकाळी उठल्याबरोबर सत्तर मुलांनी एकमेकांना पाठवलेली फुलं बघणं मला झेपत नाही. मी आपला चौदा नंबरमध्ये जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. एक सडपातळ, विसरभोळे दिसणारे सर आले. त्यांनी खिशातून एक काळा दगड काढला आणि टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "बघा याच्याकडे. हा गप्प आहे, पण याच्या अंगावर सगळं लिहिलेलं आहे. वाचता आलं पाहिजे." ताई, माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, बदली झालेली दिसते बाईंची, आता खरे साहित्याचे सर आले. त्यांनी विचारलं, "काय सांगतोय हा?" मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, हा म्हणतोय, मी एका दिवसात असा झालो नाही." सर म्हणाले, "शाब्बास! थर!" आणि फळ्याकडे वळले.

असे अकरा दिवस मी त्या वर्गात बसलो. वही माझ्यासमोरच आहे. पहिल्या पानावर लिहिलंय, "थर: प्रतीक? (माणसाच्या मनाचे?)" दुसऱ्यावर, "दाब व उष्णता यांमुळे मूळ स्वरूप पूर्ण बदलते. (संसार!)" एके दिवशी सरांनी कठीणपणाची एक ते दहा अशी पट्टी शिकवली, ती मी समजून घेतली ती कवींना गुण द्यायची पट्टी म्हणून, आणि घरी येऊन चौथीच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता आठवून त्यांना गुण देत बसलो. बाराव्या दिवशी सरांनी साहित्य आणायची यादी दिली: हातोडी, भिंग, जाड तळाचे बूट. मला वाटलं, समीक्षेचा पेपर जवळ आला. शेजारच्या मुलाला विचारलं तेव्हा कळलं, की हा भूशास्त्राचा वर्ग आहे, आणि गेले अकरा दिवस मुलं मला सरांचे वडील समजत होती. घरी एकटे करमत नाहीत म्हणून सर त्यांना सोबत आणतात, अशी त्यांची समजूत.

सांगायला लाज वाटते, पण तेराव्या दिवशीही मी तिथेच गेलो. तेव्हापासून मी एक दिवस साहित्यात बसतो आणि तीन दिवस दगडांत. आणि गेल्या बुधवारी जे झालं त्याच्यासाठी हे सगळं लिहितोय. सरांनी पहिल्या दिवशीचाच तो काळा दगड परत काढला आणि म्हणाले, "हा कुठला, माहीत आहे? आपल्या गावामागच्या टेकडीचा." मग वळून फळ्यावर आकडा लिहिला. साडेसहा कोटी वर्षं. खडू खाली ठेवला आणि हात झटकले, जसं काही रोजचंच असावं. ताई, चौथीत आपण तिला सुरात विचारलं होतं, वय तुझे गं किती, आणि ती बोलली नव्हती. मी मात्र विचारून मोकळा झालो, ढग बघत घरी आलो, नोकरी केली, म्हातारा झालो. आणि कुणीतरी एक माणूस हातोडी घेऊन गेला आणि तिच्याकडून उत्तर घेऊन आला! माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेजारच्या मुलाने पाण्याची बाटली पुढे केली आणि पुढच्या बाकावर हळूच सांगितलं, "सरांच्या वडिलांना बरं वाटत नाहीये."

तेव्हापासून झोप नाही. साहित्य सोडून भूशास्त्र घ्यावं असं मन म्हणतं. पण साहित्य सोडायचं म्हणजे बावन्न वर्षांची तक्रार सोडायची. जे बाबांनी मिळू दिलं नाही म्हणून जन्मभर हळहळलो, ते मिळाल्यावर चार महिन्यांत स्वतःच टाकून निघालो, असं न्हाव्याला कोणत्या तोंडाने सांगू? (तोंड त्याच्याच हातात असतं.) विषय एकदाच बदलता येतो आणि त्याची खिडकी येत्या सोमवारी दुपारी चार वाजता बंद होते.

घरात विचारलं. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही काहीही घ्या, फक्त दगड घरात आणू नका." नात माझ्याच वर्षाला आहे, वाणिज्य शाखेत. गेल्या महिन्यात तिला आकडेमोड सोडून मानसशास्त्र घ्यायचं होतं, तेव्हा मी तिला समोर बसवून धरसोडीवर सव्वा तास बोललो होतो. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मोबाइलनेही ऐकून घेतलं होतं, हे परवा कळलं. मी भूशास्त्राचं नाव काढल्याबरोबर तिने तो टेबलावर ठेवला आणि माझाच आवाज सुरू झाला, "विषय म्हणजे काय बसमधली सीट आहे का, की पुढे खिडकी दिसली म्हणून उठून जायचं?" त्यानंतर बराच वेळ खोकला आहे. मग ती म्हणाली, "आजोबा, आता तुम्ही कुठल्या खिडकीपाशी निघालात?" मी पाणी प्यायला आत गेलो तो अजून बाहेर आलेलो नाही असंच समज.

असो. मला तुझ्याकडून काही नको. तू मोठी आहेस, म्हणून मन मोकळं केलं इतकंच. सावकाश वाच, डोळ्याला ताण देऊ नकोस, थेंब वेळेवर घाल, आणि रंगाऱ्याला फार बोलू नकोस. त्याचे दोन्ही डोळे अजून जुनेच असतील.

तुझा, अजूनही पहिल्या वर्षात असलेला,
ढगोबा

ता. क. काही नको असं वर लिहिलंय खरं, पण एक बारीकसं काम आहे. विषय बदलायचा फॉर्म सोबत जोडला आहे. काल मी तो घेऊन खिडकीवर गेलो होतो (नुसता दाखवायला). खिडकीतल्या बाईंनी वरून खालपर्यंत पाहिला आणि परत सरकवला. म्हणाल्या, "आजोबा, पालकाची सही राहिली." मी म्हटलं, "अहो, मीच पालक आहे." त्या म्हणाल्या, "पण विद्यार्थीही तुम्हीच आहात ना? कॉम्प्युटरला पालक वयाने मोठा लागतो, नाहीतर तो पुढे जात नाही." चिरंजीवांची सही चालेना, ते माझ्याहून लहान. "मोठं कुणी नाही का घरात?" मी म्हटलं, "घड्याळ आहे." त्यांना हसू आलं, पण फॉर्म काही घेतला नाही. तेव्हा आता या जगात माझ्याहून वयाने मोठं आणि माझं असं एकच माणूस उरलं आहे. खाली उजवीकडे, पालकाच्या रकान्यात, सही कर.

ता. क. दुसरा. सही करण्याआधी हे वाच. परवा नातीचं जाडजूड हिशेबाचं पुस्तक सहज चाळलं, तर खूण म्हणून एक कागद घातलेला. तिचा विषय बदलायचा फॉर्म. सगळा भरलेला, चिरंजीवांची सही असलेला, तारीख महिन्यापूर्वीची, म्हणजे माझ्या त्या भाषणाच्या आदल्या दिवसाची. जमा केलेला नाही. तो बघून मला बसायला खुर्ची शोधावी लागली, कारण असाच एक फॉर्म माझ्याकडेही आहे. तोही या पाकिटात घातला आहे, पिवळा पडलेला तो. बघ त्यावर. मुख्य विषय, साहित्य. आणि खाली पालकाच्या रकान्यात बाबांची सही आहे, ताई. बाबा नाही म्हणालेच नव्हते. त्यांनी चष्मा लावला, सही केली आणि एवढंच विचारलं, "खिडकी कितीला बंद होते?" मी कॉलेजासमोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिलो, आत जायची भीती वाटली, ढग बघत बसलो आणि खिडकी बंद झाली. घरी येऊन तुला सांगितलं की बाबांनी नाही म्हटलं. तू एक्स्चेंजमधून थकून आली होतीस. तशीच आत गेलीस, बाबांना काय बोलायचं ते बोललीस, आणि मग दोन महिने त्यांच्याशी बोलली नाहीस. त्यांनी तुला खरं सांगितलं नाही. मला वाटतं, ते मी सांगायची वाट बघत होते. मग एके दिवशी मला म्हणाले, "नकाशाघरात ट्रेसरची जागा आहे, बघतोस का?" बाकीची तक्रार तुला पाठ आहेच. आता रागाव. फोनवर रागावलीस तरी चालेल, मी मध्ये खोकणार नाही.

ता. क. तिसरा. नातीला हे सगळं आज संध्याकाळी सांगणार आहे. जुना फॉर्म दाखवायला हाताशी नको, नाहीतर मी तो आधी गुळगुळीत करत बसेन, म्हणून तुझ्याकडे पाठवला. सांगून झालं की उद्याच तिला घेऊन खिडकीवर जाईन आणि तिचा फॉर्म आत सरकेपर्यंत वर बघणार नाही.

ता. क. चौथा, आणि शेवटचा. सही झाल्यावर माझा फॉर्म माझ्याकडे परत पाठवू नकोस. हात जोडतो. माझ्या हातात आला तर मी त्याच फुटपाथवर सापडेन. तो परस्पर कॉलेजला टाक, तिकीट लावलेलं पाकीट आत आहे. आणि 'हवा असलेला विषय' या ओळीत मी भूशास्त्र असं लिहिलं आहे, पण पेन्सिलने. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पेन्सिलवर मी शाई फिरवली, आता एकदा माझ्या पेन्सिलवर कुणीतरी फिरवावी. तुझा डावा डोळा नवा आहे, रेघेबाहेर जाणार नाही. पाकिटावरचा कॉलेजचा पत्ताही पेन्सिलनेच लिहिलाय. लगे हात तोही गिरव.